दुकान वाढवलं

आष्टी, २३ डिसेंबर १९२८

उत्तमचंद शेटला आष्टीहून रखमाजीचा रामराम. तुझ्या आईच्या, चंदनकाकूंच्या पायावर डोकं.

कागद घेऊन बसलो की साळू मागे येऊन उभी राहते. हे लिहिलं का, ते लिहिलं का. तिला अक्षर येत नाही, पण मी काय गाळलं ते तिला बराबर कळतं. तेव्हा आधी तिचंच लिहून टाकतो.

आमच्या सगुणेची लग्नानंतरची ही पहिली संक्रांत. बदनापूरचे आमचे व्याही रामराव यांनी मोठ्या मिनतवारीनं होकार दिला आहे. भोगीच्या आधी पोरगी पाठवतो, रथसप्तमीला परत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सगुणा रेल्वेनं परतुरात उतरेल, एक रात्र तुमच्याकडे राहील, आणि सकाळी मी बैलगाडी घेऊन येईन. तुमच्याकडे वकिलांच्या सुनेला हलव्याचे दागिने घातले होते, ते पाहिल्यापासून साळूला दुसरं काही सुचत नाही. तिनं इथं दोनदा हलवा करून पाहिला. एकदा तीळ करपले, एकदा पाकाचा दगड झाला. बिंदी आणि बाजूबंद काकूंनीच करावेत, अशी तिची विनंती आहे.

आणि काकूंना सांग, यंदा भोगीची भाजी आम्ही दोन पातेल्यांत करणार. गेल्या वर्षी गाजर, कांदा घातलेलं पातेलं तुम्ही झाकणही न काढता परत धाडलंत आणि साळू आठ दिवस रुसली. तुमच्या धर्मात जमिनीखालचं चालत नाही हे मला शाळेपासून ठाऊक, पण चूल तिच्या हातात. यंदा नुसते घाटे, वाल, वांगी आणि बोरं.

ज्वारी हुरड्यात आली आहे, पण माझं चित्त शेतात नाही. लेक येणार म्हटलं की मला बसवत नाही. तुला दोन्ही पोरगे, तुला नाही कळायचं.

तुझा
रखमाजी


परतूर, २ जानेवारी १९२९

रखमाजी पाटलांना उत्तमचंदचा जयजिनेंद्र.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून उत्तर लिहीन म्हणतो, पण इकडे फार धावपळ झाली. आईचा नेम तुला माहीत आहे. तीळ घरात आले की रथसप्तमीपर्यंत वाईट शब्द घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, तोंडातून नाही आणि कागदावरूनही नाही. आताही ती समोर बसली आहे आणि लिहिलेली ओळन् ओळ वाचून दाखवायला लावते आहे. तेव्हा काय ते समजून घे.

काल इंग्रजी सालाच्या पहिल्याच दिवशी आम्ही दुकान वाढवलं. एकट्यानं नाही, पेठेतल्या बहुतेकांनी वाढवलं. माझा चुलतभाऊ भागचंद याच्या मळ्यात राहायला आलो आहोत. हवा मोकळी आहे. वकील, सोनार, सगळे इथंच शेजारी आहेत. सरकारी डॉक्टर दोनदा येऊन आमची विचारपूस करून गेले. घरात गणपतीची वाहनं फार झाली होती, त्यामुळे आईनं एक दिवसही जास्त थांबू दिलं नाही. हळदीकुंकूसुद्धा तिनं यंदा आधीच वाढवलं.

सगुणेला तू स्टेशनावरून परस्पर आष्टीला न्यावंस हे बरं. यंदा तिनं आमच्या दारात येऊ नये, असं आईचंही मत आहे. दागिने इथं मळ्यात तयार होत आहेत, कुणाबरोबर तरी पाठवतो.

तू समजदार आहेस. जास्त लिहीत नाही.

तुझा
उत्तमचंद


आष्टी, ८ जानेवारी १९२९

उत्तमचंद शेटजी यांना रखमाजीचा रामराम.

चार दिवस उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण दिवस गोड बोलायचे आहेत, म्हणून तुझ्या भरभराटीचा आनंद झाला असं लिहितो.

दुकान वाढवलंस. मळ्यात राहायला गेलास. वकिलांचा शेजार लाभला, सरकारी डॉक्टर घरी येऊन विचारपूस करतात. उंदीर फार झाले म्हणतोस, म्हणजे कोठारंही भरलेली दिसतात. वा! एवढं सगळं वाढलं, मन तेवढं आखडलं. माझ्या पोरीनं तुझ्या दारात येऊ नये? सात वर्षांची होती तेव्हा शाळेसाठी दोन वर्षं तुझ्याच घरी राहिली. तुझ्याच ओट्यावर बसून पाटीवर अक्षर गिरवलं तिनं. तेव्हा आम्ही खेडवळ नव्हतो वाटतं.

रविवारच्या बाजारात कुणीसं म्हणालं, "परतुरात कायतरी गडबड हाय, लोक गाव सोडून राह्यले." मी हसलो. म्हटलं, "माझा दोस्त दुकान वाढवून राह्यला, आन् तू मला गडबड सांगतो?"

रामरावांना मी शुक्रवारीच कार्ड टाकलं आहे. सगुणा बारा तारखेला येईल आणि नेहमीप्रमाणे तुझ्या पेठेतल्या घरी जाईल. तिला भेटायचं असेल तर मळ्यातून तू ये. तिचा ओटा तिथं आहे. सकाळी मी तिला घेऊन जाईन, तुझ्या चहाचीसुद्धा अपेक्षा नाही.

रखमाजी


परतूर, १० जानेवारी १९२९

रखमाजी,

प्लेग आहे इथं. प्लेग. गाठीचा ताप. हे पत्र मी आईला वाचून दाखवणार नाही.

दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं रे! आम्ही वाणी माणसं दुकान बंद केलं असं म्हणत नाही, तो शब्द अशुभ. तू देवापुढं नारळ वाढवतोस तेव्हा तो मोठा होतो का? गणपतीची वाहनं म्हणजे मेलेले उंदीर. आमच्या दुकानात पोत्यांमागे चार सापडले, सोनाराकडे सात. मळ्यात बंगला नाही, तुराट्यांच्या खोपी आहेत, साठ-सत्तर. वकीलही खोपीत आणि मीही खोपीत. डॉक्टर आमच्या काखा आणि जांघा चाचपायला येतात. पेठ ओस पडली आहे. तिथं माणूस आजारी पडला की त्या दारावर तांबडी फुली मारतात.

तुझं पत्र आत्ता मिळालं. रामरावांना तार करायला स्टेशनावर निघालो आहे. बारा तारखेला येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी स्वतः उभा राहीन. ती फलाटावरून गावात शिरणार नाही, माझा शब्द.

पुढचं त्याच दिवशी, दिवस मावळताना.

रखमाजी, ती कालच आली होती. तार लिहून देताना स्टेशनातला माणूस म्हणाला, "काल एक हिरव्या लुगड्याची पोर उतरली, तुमचंच दुकान पुसत होती." मधे अमावस्या येते म्हणून रामरावांनी तिला आधीच पाठवली. जावई मच्छिंद्रराव तिला फलाटावर उतरवून समोरच्या गाडीनं परत गेले. नेहमीचंच घर, नेहमीचाच रस्ता, म्हणून कुणाला काळजी वाटली नसेल.

मी पेठेत धावलो. आमच्या गल्लीत आता एकच माणूस राहतं, झुंबरबाई कासारीण. सगळे निघाले तेव्हा ती म्हणाली होती, "मी गेल्यावर सक्रातीच्या बांगड्या कोन भरल?" कोण उरलं होतं बांगड्या भरून घ्यायला! सगुणा काल दुपारी आमच्या कुलूप लावलेल्या दारापुढं गाठोडं घेऊन बसली. जेवायला गेले असतील, येतील, म्हणून तासभर बसून राहिली. शेवटी झुंबरबाईनं तिला घरात घेतलं, जेवू घातलं आणि पहिल्या संक्रांतीच्या म्हणून दोन्ही हात भरून बांगड्या घातल्या. मी गेलो तेव्हा सगुणा तिच्यासाठी तीळ निवडत बसली होती. झुंबरबाई भिंतीला टेकून होती. आवाज जड वाटला. चल म्हणालो तर नाही म्हणाली.

सगुणेला मळ्यात आणलं आहे. पण डॉक्टर म्हणतात दहा-बारा दिवस वेगळी ठेवा. तिची खोप बांधाच्या टोकाला, एकटीची. आईला सगळं सांगावं लागलं. तिनं समोरचं ताट बाजूला सारलं.

हे पत्र माणसाच्या हाती पाठवतो.

उत्तमचंद


आष्टी, १३ जानेवारी, भोगी

उत्तमचंद,

तुझा माणूस वेशीबाहेरच थांबवला. काकासाहेब पाटलांनी पंचांना घेऊन वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या आहेत. परतूरकडून येणारा आत नाही. आणि इथून परतूरला जो जाईल त्याला साथ सरेपर्यंत गावात पाय नाही. तुझं पत्र लिंबाच्या पाल्याचा धूर देऊन मला दिलं.

मी जोडे घालून दोनदा वेशीपर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. ज्वारी उभी आहे, घरात साळू एकटी. तीही माझ्याशी बोलत नाही. चूल पेटवते, ताट ठेवते आणि परसात जाऊन बसते. आज तिनं भाजी एकाच पातेल्यात केली आणि कुणीच खाल्ली नाही.

पण मला तुझाच राग येतो, उत्तमचंद. दोन सरळ अक्षरं लिहायला तुझा हात झडला होता का? शुभ शब्द, अशुभ शब्द! तुमच्या गोड बोलण्यापायी माझी एकुलती एक लेक प्लेगच्या गल्लीत दोन दिवस राहिली. काकूंचा नेम राहिला, आता माझी पोर राहील का? मी अडाणी शेतकरी, मला वाढलं म्हणजे वाढलं एवढंच कळतं. मला काय ठाऊक वाण्यांची भाषा!

पोरीचं अंग गरम आहे का, रोज कळव.

रखमाजी


परतूर, १८ जानेवारी १९२९

रखमाजी,

तू म्हणतोस ते खरं आहे. चूक माझी आहे. आईपुढं पत्र वाचून दाखवलं, तरी नंतर बाहेर जाऊन दोन ओळी वाढवून टाकायला मला कुणी धरलं नव्हतं. तुला कळेल असं धरून चाललो. तुझं पत्र आईनं वाचून घेतलं. मी मधलं गाळत होतो, तर म्हणाली, "सगळं वाच. आता कशाला गोड करतोस?" दहा तारखेपासून तिनं अन्न सोडलं आहे. उकळलेलं पाणी तेवढं घेते, तेही दिवस असताना. सगुणा चुलीपाशी बसून जेवेल तेव्हाच जेवीन म्हणते. वय बासष्ट. आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसतो.

इथल्या संक्रांतीचं काय सांगू! सोनाराच्या घरी तीळ आणलेच नाहीत. वकिलांच्या सुनेनं सुगडं पुजली, पण घ्यायला कुणी येईना, कुणाच्या हातचं कुणी घेत नाही. मग तिनं सुगडं बांधावर मांडली आणि लांब जाऊन उभी राहिली. एकेक बाई आली, लांबूनच हात जोडून गेली. मळ्यातल्या मजुरांनी मात्र गूळ-भाकरी करून खाल्ली आणि करीच्या दिवशी कामाला लागले. कर म्हणून काम टाळायचं असतं हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही.

हलव्याचे दागिने आईनं सगुणेच्या खोपीबाहेर ठेवले. ती घालून बाहेर उभी राहिली, आणि आम्ही वीस हातांवरून बघितली. तुझी लेक फार छान दिसत होती. हसत होती.

आता जे लिहायचं ते लिहितो. झुंबरबाई करीच्या दिवशी गेली. सरकारी माणसांनी नेली, आपलं कुणी नव्हतं. सगुणेला मी सांगितलं नव्हतं, पण कुणीतरी सांगितलं. आणि काल दुपारपासून तिला ताप आहे. उजवी काख दुखते म्हणते. डॉक्टर आज परत येणार आहेत.

तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही.

उत्तमचंद


आष्टी, २१ जानेवारी १९२९

उत्तमचंद,

हे पत्र काकूंना वाचून दाखव. सगळं, काही न गाळता.

दोन जानेवारीचं तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते साळूला मोठ्यानं वाचून दाखवलं. सगुणेनं दारात येऊ नये, इथपर्यंत आलो तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. रामरावांना कार्ड तिथंच लिहिलं आणि खिशात घातलं. साळू तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली. म्हणाली, "आवो, वाढवलं म्हंजी बंद केलं. आपुन बांगडी फुटली तर वाढवली म्हनतो का न्हाई? तिथं कायतरी वंगाळ झालंय. पोरीला तिकडं धाडा म्हनू नका."

मी म्हणालो, "तुला काय कळतं दुकानदारीतलं!"

पण तिनं सांगितलं त्या क्षणी मला कळलं होतं, उत्तमचंद. पुरतं कळलं होतं. नारळ वाढवतात हे मला तुझ्या पत्रानंतर कळलं नाही. पण तिचं खरं धरलं तर तू मोठा झाला नाहीस, तू मला हिणवलं नाहीस, आणि मी मूर्ख ठरतो. मला तुझा राग पाहिजे होता. लहानपणापासून तू शेटचा पोरगा आणि मी तुझ्या ओट्यावर बसून राहणारा, ते कुठंतरी आत होतं. कार्ड अजून माझ्या खिशात होतं. मी उठलो आणि ते पेटीत टाकून आलो. रविवारी बाजारात त्या माणसानं सांगितलं तेव्हा दुसऱ्यांदा कळलं. तेव्हाही दुसरं कार्ड टाकता आलं असतं. मी हसलो.

आणि मग तुलाच शिव्या घालणारं पत्र लिहिलं. साळू का बोलत नाही ते मला पक्कं माहीत होतं.

काकूंना सांग, तुमच्या शब्दात खोट नव्हती. तुमचं अन्न माझ्या खोटेपणापायी सुटलं आहे.

आज काकासाहेबांना सांगून निघालो. ते म्हणाले, "रखमाजी, गेलास तं मंग साथ सरंस्तोवर वापस येता यायचं न्हाई. ज्वारीचं काय करतो?" मी म्हणालो, भाऊबंद काढतील नाही तर पाखरं खातील. साळू वेशीपर्यंत आली. बोलली नाही, पण भाकरीचं गठुडं दिलं. हे पत्र डाकेच्या माणसाबरोबर पुढं जातंय, मागोमाग मी चालत येतो आहे. पोर असेल तोवर पोचू दे.

रखमाजी


परतूर, भागचंदकाकांचा मळा, १७ फेब्रुवारी १९२९

आईला सगुणेचा नमस्कार. हे पत्र काकासाहेबांकडून वाचून घे.

मी बरी आहे. काखेत गाठ आल्ती, ती सहाव्या दिवशी फुटली, आणि डॉक्टर म्हणले, फुटली म्हणजे वाचली. आठ दिवस मला काही आठवत न्हाई. आता उठून बसते, चालते, केस तेवढे गळून राह्यले. काल रथसप्तमी झाली. वकीलबाईंनी अंगणात दूध उतू घातलं आणि यंदाची संक्रांत आवरली. चंदनआजी आता दोन्ही वेळा जेवतात. माझा ताप उतरला त्या दिवशी मला चुलीपाशी बसवून मुगाचं पाणी आधी मला पाजलं आणि मंग स्वतः घेतलं. बदनापूरहून हे येऊन गेले. बांधापलीकडं दोन दिवस झाडाखाली राहिले. सासरे म्हणतात फाल्गुनात या. बघू.

आबा आले त्या दिवशी काकांनी त्यांचं पत्र सगळ्यांपुढं वाचलं. आबांनीच वाचायला लावलं. आजी म्हणल्या, "गलती तुझी आसो का माझी, आता पोरीजवळ बस." तेव्हापासून आबा माझ्या खोपीपुढं बसून आहेत. पाणी आणतात, राख काढतात. मी त्यांच्याशी बोलले न्हाई. ताप होता तेव्हा बोलता येत नव्हतं, आणि ताप गेल्यावर बोलावं वाटलं न्हाई.

काल काकासाहेबांचा निरोप आला, परतुरात पंधरा दिवसांत नवा आजारी न्हाई, वेस उघडली. आबा धावत आले. "सगुणा, उद्या घरी जायचं."

मी म्हणले, "आधी पेठेत जाऊ."

आज सकाळी गेलो. झुंबरबाईच्या दारावर तांबडी फुली आहे, कडी नुसती ओढलेली आहे. तिच्या नावानं रडायला कुणी आलं नव्हतं. आई, मी घरात गेले तेव्हा ती आजारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनंच मला काकांबरोबर जायला ढकललं. मी गेले नसते तर तिच्या तोंडात शेवटचं पाणी तरी घातलं असतं.

मी आबांना म्हणले, "तुमच्या एका कार्डापायी मी हिच्या घरात आले. तिनं मला वाढलं, हात भरले, एक छदाम घेतला न्हाई. हिची माफी मागा. माझी नंतर मागा."

आबा दारापुढं उभे राहिले. टोपी काढली. मंग ते ओट्यावर डोकं टेकवून मोठमोठ्यानं रडले, गल्लीत कुणी ऐकायला नव्हतं. मी त्यांना उठवलं न्हाई. रडू दिलं.

काकासाहेबांचा माणूस हे पत्र घेऊन आत्ता पुढं येतोय, दुपारी आम्ही निघतोय. अंधार पडायच्या आत पोचू. आबांना वाटेत फार बोलवणार न्हाई, तूही आल्या आल्या काही विचारू नको. दोघांच्या भाकरी टाकून ठेव.

तुझी
सगुणा